सोफ्यामागचा आवाज

पिक्चरला प्रॉम्प्टर लागत नाही, हे त्या कॅमेरावाल्याने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात नाटक म्हटलं की नटराजाची पूजा, नारळ, तीन घंटा आणि विंगेत प्रॉम्प्टिंगला माझा नवरा, या चार गोष्टी ठरलेल्या. त्यातली एकही कमी करायची कुणाची छाती नव्हती. बरं, आमचे नट म्हणजे दिवसभर कोडिंग करणारे, औषधांच्या कंपनीत मान मोडणारे, दात काढणारे लोक. शनिवार-रविवारच्या तालमीत यांचं पाठांतर कितीसं होणार? एकेकाचं वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आधी माझ्या नवऱ्याच्या तोंडून बाहेर पडायचं. वेस्ट विंडसरमधल्या शाळेच्या त्या हॉलमध्ये पहिल्या दोन रांगांतल्या लोकांना प्रत्येक नाटक दोनदा ऐकू यायचं, आणि कुणाची काही तक्रार नसायची.

तो स्वतः कधी स्टेजवर आला नाही. 'मला लोकांसमोर तोंड उघडायची लाज वाटते,' म्हणायचा. घरी मात्र तोंडाला कुलूप म्हणून नाही. स्वतःशी बोलायची सवय तर इतकी, की भाजी चिरताना, गाडी पार्क करताना, बिलं भरताना याची धावती कॉमेंट्री चालू. 'हं, आता हा पांढरा गाडीवाला आपली जागा घेणार. घेतली. घ्या, घ्या राजे.' नवीन लग्न झालं तेव्हा मी नागपूरहून पुण्याला आले होते. मला वाटायचं, शेजारच्या खोलीत कुणी पाहुणा आलाय. चहाचे कप तीन भरायचे आणि मग कळायचं, पाहुणा वगैरे कुणी नाही, हाच बोलून राहिला आहे.

कामाने तो आकडेतज्ज्ञ, औषधांच्या चाचण्यांचे निकाल तपासणारा. पण लायब्ररीतून घरी यायची ती सगळी जुनी इंग्रजी नाटकं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कॉमेड्यांचं तर त्याला वेडच होतं. 'अगं, हे इंग्रज आणि आपली माणसं यांना रोग एकच,' असं तो म्हणायचा, 'लोक काय म्हणतील! त्यांनी त्याच्यावर नाटकं लिहिली, आपण त्याच्यावर लग्नं मोडली.' त्यातलीच एक कॉमेडी त्याने मराठीत आणली. मूळची कुणाच्या फारशी माहितीतली नव्हती, आणि त्याने तिची इतकी चिरफाड केली की लिहिणाऱ्यालाही ओळखू आली नसती. इंग्लंडातल्या गढीचं साताऱ्याकडचं इनामदाराचं घर झालं. काळ तोच ठेवला, राणी तीच ठेवली. एक खडूस, बिनलग्नाची आत्याबाई, तिची भाची, भाचीसाठी आलेले दोन उमेदवार, दोघेही खोटी नावं सांगून आलेले, आणि शेवटच्या प्रवेशात त्यातल्या एकाचा काका दारात उभा राहतो. तो निघतो आत्याबाईंना तरुणपणी लग्नाचं वचन देऊन 'आत्ता येतो' म्हणून गेलेला माणूस. सगळे श्वास रोखून आत्याबाईंकडे बघतात. त्या त्याला आपादमस्तक न्याहाळतात आणि म्हणतात, 'उशीर केलात. चहा गार झाला.' पडदा.

आत्याबाई अर्थातच मी. 'खडूसपणाची तालीम लागणार नाही,' असं भर बैठकीत म्हणणारा नवरा मला मिळाला होता.

तालमी रंगात आल्या आणि शाळेच्या हॉलमध्ये पाणी शिरलं. छत दुरुस्त होईपर्यंत हॉल बंद. दुसरा हॉल मिळेना. आमचे दिग्दर्शक, जे एरवी बँकेत कॉम्प्युटरचं काम करतात, त्यांना त्याच रात्री साक्षात्कार झाला की आपण याचा पिक्चर करू. डेलावेअर नदीकाठी एक जुनं लाकडी घर भाड्याने मिळत होतं. नक्षीदार कठडे, जांभळट काचा, गोल मनोरा. इकडे त्याला व्हिक्टोरियन हाउसच म्हणतात. 'बघा, नाटक स्वतःच्या घरी चाललंय,' असं दिग्दर्शक म्हणाले. साताऱ्याचा वाडा न्यू जर्सीच्या लाकडी घरात कसा बसणार, हा प्रश्न मी विचारला. तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, 'वहिनी, क्लोजअप घेऊ.'

घराची मालकीण म्हणजे एक उंच, वाकलेली अमेरिकन बाई. किल्ली देताना तिने अगदी सहज सांगितलं की घरात एक भूत आहे, पण गरीब आहे, कुणाला त्रास देत नाही. आम्ही हसलो. आमच्यातल्या एकीने लगेच पर्समधून अंगारा काढून सगळ्यांच्या कपाळाला लावला, ती गोष्ट वेगळी.

शूटिंगच्या दिवशी नटराजाचा फोटो फायरप्लेसवर ठेवला, उदबत्ती लावली, आणि स्मोक अलार्म केकाटायला लागला. त्यातून सावरतोय तोच माझ्या नवऱ्याने पिशवीतून पितळी घंटा काढली आणि तिसरी घंटा दिली. पिक्चरला क्लॅप देतात. आम्ही घंटा दिली. प्रत्येक टेकला दिली. कॅमेरावाला भला माणूस, तो म्हणाला छान आहे. पण मग त्याने बघितलं की हा घंटावाला गृहस्थ हातात संहिता घेऊन सोफ्याच्या मागे मांडी घालून बसतोय. त्याने विचारलं, हे कोण? दिग्दर्शकांनी समजावलं. त्याने डोक्याला हात लावला. 'विसरलात तर थांबा, परत घेऊ, पिक्चरमध्ये परत घेता येतं,' असं तो परोपरीने सांगत होता. पण आमच्या दिग्दर्शकांना प्रवेश तोडायचा नव्हता. लय जाते म्हणे. आणि खरं सांगायचं तर सोफ्यामागे तो नसता, तर आमच्यातल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटला नसता. तेव्हा तो राहिला. माइक कुठे ठेवलाय हे बघायचं कुणाला सुचलं नाही. एक माइक त्याच सोफ्याच्या पाठीला लावला होता.

पहिल्या दिवसाचं शूटिंग आम्ही त्या घराच्या दिवाणखान्यात बसून टीव्हीवर बघितलं. पडद्यावर पहिला उमेदवार रुबाबात शिरला, खुर्ची ओढली, आणि त्याने तोंड उघडायच्या आत एक खोल, घोगरा, कानाशी कुजबुजल्यासारखा आवाज आला, 'नमस्कार आत्याबाई, मी पन्हाळ्याहून आलोय.' मग उमेदवार म्हणाला, 'नमस्कार आत्याबाई, मी पन्हाळ्याहून आलोय.' अंगारावाली किंचाळली, 'बाई गं, भूत!' शेजारून मालकीणबाई धावत आल्या. त्यांनी ऐकलं आणि गंभीरपणे मान हलवली, की हो, हाच तो. आणि माझा नवरा कोपऱ्यातून उठून म्हणाला, 'माफ करा, तो मी.' हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यालाच सगळ्यात जास्त हसू येत होतं. पुढचे कितीतरी दिवस त्याला सगळे भूतकाका म्हणत होते.

आता ते नाव आठवलं की नकोसं होतं. कुणी असं काही म्हणावं का? पण तेव्हा काय माहीत.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रवेश होता. कॅमेऱ्याला एकच उजेड साधायचा होता, जांभळट काचांतून येणारा दुपारचा. तिसरी घंटा झाली. सगळं नीट चाललं. काकाचं काम आमच्या डेंटिस्ट काकांचं. काका दारात उभे राहिले. मी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, आणि माझं डोकं कोरं झालं. काही म्हणजे काही नाही. 'उशीर केलात,' हे दोन शब्द, जे मी स्वयंपाकघरात, आंघोळ करताना, गाडीत शेकडो वेळा म्हटले होते, ते गेले. मी वाट बघितली. सोफ्यामागून येणारच, इतकी वर्षं आलंय. आलं नाही. मी डेंटिस्ट काकांकडे बघत राहिले, ते माझ्याकडे बघत राहिले. बाहेर कुठेतरी गवत कापायचा लॉनमोअर चालू होता, तेवढाच आवाज. मला घाम फुटला. सोफ्यामागे शांत. आणि मग कुठून कोण जाणे, माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. दिग्दर्शकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. 'काय पॉज घेतलात वहिनी, काटा आला!' डेंटिस्ट काकांचे डोळे तर खरोखर भरून आले होते.

गाडीत बसल्याबरोबर मी त्याच्यावर तोंड टाकलं. 'झोपला होतास का? जगाला प्रॉम्प्टिंग करतोस, आणि बायको बुडत असताना मख्खासारखा बसतोस?' तो नुसता हसला. 'छान झालं ना?' मी म्हटलं, 'छान नंतर झालं. आधी माझा जीव गेला होता. तू का नाही दिलंस वाक्य?' म्हणाला, 'पिक्चर बघ. मग बोलू.' घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मग ते भांडण नेहमीसारखं विरलं, आमच्याकडे भांडणं अशीच विरायची. पण उत्तर काही मी घेतलं नाही. पिक्चर बघितल्यावर घेऊ म्हटलं.

पानगळ संपत आली होती. सकाळी तो ऑफिसला निघाला, दाराशी बसून बूट घालत होता. मी वर केस विंचरत होते. त्याचं स्वतःशी बोलणं चालू होतं, ते मला ऐकू येत होतं. मग ते ऐकू येईनासं झालं. मला वाटलं, गेला. खरंच गेला होता. ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं, सगळं झालं. तिथल्या डॉक्टरबाईंनी हळू आवाजात विचारलं, आधी कधी काही तक्रार होती का? छातीत दुखणं, दम लागणं, बोलता बोलता मध्येच गप्प होणं?

बोलता बोलता मध्येच गप्प होणं.

त्या बाईंच्या मनातसुद्धा नसेल, त्या काय बोलून गेल्या. पण मला सोफ्यामागची ती शांतता दिसायला लागली. त्या दुपारी तो तिथे मांडी घालून बसला होता आणि त्याच्या छातीत कळ येत होती, म्हणून त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. तो कळ दाबून बसला होता आणि आम्ही त्याच्या समोर कॉमेडी करत होतो. वरून मी त्याला झापलं. तेव्हा डॉक्टरकडे नेलं असतं तर? हे मी कुणाला बोलले नाही. कुणाला बोलणार? रात्री झोप नाही, दिवसा कामात लक्ष नाही. कोणी 'काय सुंदर पॉज होता तो' म्हटलं की मला उठून जावंसं वाटायचं. लोकांना वाटायचं, दुःख आहे, असणारच. दुःख होतंच हो. पण हे दुसरंच होतं.

हिवाळा सरत आला तशी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचे फोन यायला लागले. 'घाई मुळीच नाही बरं का. फक्त पाडव्याच्या कार्यक्रमात दाखवायचा का, एवढंच विचारायचं होतं.' म्हणजे घाई होती. पिक्चर अडला होता आवाजापाशी. तो साफ करायचं काम आमच्या मुलीकडे होतं. ती लॉस एंजेलिसला राहते. टीव्हीच्या मालिकांमधले संवाद स्वच्छ करणं, विमानाचे, पंख्याचे, पोटात गुरगुरल्याचे आवाज काढून टाकणं, हाच तिचा धंदा. माझ्या नवऱ्यानेच तिला सगळं पाठवलं होतं. 'मला काढून टाक गं त्यातून, लोकांना हार्ट अटॅक यायचा,' असं फोनवर म्हणाला होता. हे त्याचेच शब्द.

ती आली, आणि खाली बेसमेंटमध्ये तिने बाबाच्या टेबलावर आपला संसार मांडला. मी खाली गेले नाही. आपण बरं, आपलं स्वयंपाकघर बरं. पण एका सकाळी मी पोळ्या लाटत होते, आणि खालून, जमिनीच्या आतून, त्याचा आवाज आला, 'या घरात पाहुण्याला आधी पाणी विचारतात, मग नाव.' माझ्या हातात लाटणं तसंच राहिलं. आणि मी, मोठ्याने, आत्याबाईंच्या आवाजात, तव्याकडे बघत म्हणाले, 'या घरात पाहुण्याला आधी पाणी विचारतात, मग नाव.' इतक्या वर्षांची सवय. तो बोलला की मी बोलायचं. म्हणून झालं तेव्हा कळलं, मी काय केलं. पोळी करपली. मी गॅस बंद करून तिथेच खाली फरशीवर बसले आणि रडले, अगदी गळा काढून.

मुलगी वर धावत आली. 'ओह माय गॉड, सॉरी आई, हेडफोन निघाला होता. आय ॲम सो सॉरी.'

मी विचारलं, 'रोज ऐकतेस तू हे? दिवसभर?'

ती माझ्याजवळ फरशीवर बसली. तिचं मराठी लहानपणचं, रडताना तर अर्धं इंग्रजी. 'आय हॅव टु. त्याशिवाय काढणार कसं? आधी शोधायचा, मग काढायचा. आय ॲम डिलीटिंग बाबा, आई. लाइन बाय लाइन. सगळ्यात घाण जॉब आहे हा. आणि मी यात खूप गुड आहे.' आणि तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढी मोठी बाई, पण लहान असताना ताप आला की ठेवायची तसं. मला रडल्याची लाज वाटली नाही, पण राग आला. त्याचा राग आला. आम्हा दोघींना हे काम लावून हा निघून गेला.

आम्ही करपलेली पोळी टाकून दिली, दुसऱ्या केल्या, जेवलो. मग ती म्हणाली, 'मी त्याला टाकलं नाहीये. वेगळ्या ट्रॅकवर ठेवलंय. आणि आई, यू नो, तो नुसतं प्रॉम्प्ट नाही करत. मध्ये मध्ये बोलतो. स्वतःशी. इतकं हळू, की तुम्हाला कुणाला ऐकूच आलं नसेल. मी आवाज वाढवला तेव्हा कळलं. यू वाँट टु हिअर?'

मला नको होतं. आणि मला तेवढंच हवं होतं.

खाली गेलो. तिने स्पीकर लावला. आणि बेसमेंटमध्ये माझा नवरा बोलायला लागला. 'हं. आता उमेदवार नंबर एक पगडी विसरणार. विसरले. शाब्बास.' मध्ये मोठी शांतता. 'उमेदवार नंबर दोन, हळू, हळू, ट्रेन सुटत नाहीये.' शांतता. 'अरे, ही पोरगी काय छान करते. हिला पुढच्या वर्षी मोठं काम द्यायला हवं.' शांतता. 'भूक लागली बुवा.' मी हसत होते. लेक हसत होती. अहो, तो होता तिथे. फोटोत नसतो, व्हिडिओत नसतो. तिथे आपण कॅमेऱ्याकडे बघून शहाण्यासारखे उभे राहतो. हा तो होता, दुपारी सोफ्यामागे बसून स्वतःशी बडबडणारा, भूक लागलेला. अंगावर काटा येत होता आणि उठावंसंही वाटत नव्हतं.

मग मी म्हटलं, 'शेवटचा प्रवेश लाव.'

तिने माझ्याकडे बघितलं. 'तो मी केला नाहीये अजून. आय वॉज सेव्हिंग इट.'

'लाव,' मी म्हटलं. आणि मग मी तिला सगळं सांगितलं. पॉज, गाडीतलं भांडण, डॉक्टरबाईंचा प्रश्न. बोलताना माझा आवाज सरळ राहिला, याचं मलाच नवल वाटलं. तिने माउसवरचा हात काढला. ती म्हणाली, 'आपण नको ऐकू या.' मी म्हटलं, 'मग मी मरेपर्यंत तेच ऐकत राहीन. लाव.'

घंटा वाजली. मग त्याचं प्रॉम्प्टिंग, वाक्यामागून वाक्य. दूरवर आमचे सगळ्यांचे आवाज, बारीक, भिंतीपलीकडून आल्यासारखे. दार उघडल्याचा आवाज. डेंटिस्ट काकांची पावलं. लॉनमोअर. आणि शांतता सुरू झाली.

त्याचा श्वास ऐकू येत होता. मोठा श्वास. कापड सरकल्याचा आवाज. आणि मग, दबलेलं, 'आई गं...'

मी लेकीचा हात धरला. ती बंद करायला गेली, मी करू दिलं नाही.

'...मेला गुडघा,' असं तो म्हणाला.

परत शांतता. लॉनमोअर. त्याने संहितेचं पान मिटल्याचा आवाज. मिटल्याचा, उलटल्याचा नाही. आणि मग त्याचा आवाज आला, अगदी हळू, मला इतक्या वर्षांत कधी माझ्या तोंडावर ऐकायला मिळाला नाही अशा सुरात.

'हं. अडकली. नाही द्यायचं. थांब जरा. येईल तिला.'

शांतता.

'येईल तिला.'

आणि लांबून मी म्हणाले, 'उशीर केलात. चहा गार झाला.'

'आलं,' तो म्हणाला. 'बघ. आलं की नाही.'

मग टाळ्या, आणि त्या टाळ्यांत त्याचं उठताना कण्हणं, गुडघ्यांच्या नावाने शिव्या.

लेकीने ट्रॅक थांबवला. हायसं वाटलं, हो, छातीवरचा धोंडा उतरला. दुखत नव्हतं त्याला. गुडघा सोडून काही दुखत नव्हतं. तो मजेत होता. पण त्या हायसं वाटण्याच्या मागोमाग दुसरं काही आलं आणि ते अजून गेलेलं नाही. माणूस समोर असताना आपण त्याला झोपलास का म्हणून विचारतो, आणि तो पान मिटून बसलेला असतो. आता मी कुणाला सांगू, की कळलं?

शेवटी तिनेच विचारलं. 'आई, हे ठेवू? फक्त हे? आय कॅन मेक इट सॉफ्ट. लोकांना वाटेल, आत्याबाईंच्या मनातला आवाज आहे. इट वुड बी ब्युटिफुल.'

मोह झाला. खोटं कशाला बोलू? पाडव्याला सगळ्या हॉलने ऐकावं, त्याने माझ्याबद्दल काय म्हटलं होतं, असं वाटलं. पण मग माझा जुना स्वभाव जागा झाला. मी म्हटलं, 'तो गप्प बसला होता, म्हणून तो पॉज झाला. तू त्यात त्याला बोलायला लावशील तर त्याने केलेलं सगळं मोडशील. काढ. सगळीकडून काढ. त्यानेच सांगितलंय.'

'आणि घंटा?'

'घंटा राहू दे. घंटेशिवाय सुरू कसं होणार?'

पाडव्याला शाळेचा हॉल परत उघडला होता. नवं छत, नव्या रंगाचा वास. श्रीखंड झालं, भाषणं झाली. अध्यक्षीणबाईंनी मला पुढच्या रांगेत मध्यभागी बसवलं. मला ते नको होतं, कारण तिथून रडणं लपवता येत नाही. लेक परत गेली होती. दिवे मालवले आणि अंधारात तिसरी घंटा झाली. त्याच्या हातची. सगळ्या हॉलने आपोआप बोलणं थांबवलं, नेहमी थांबतात तसं, आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही की घंटा कुठून आली.

पिक्चर चांगला झाला होता. स्वच्छ. प्रत्येकाचं वाक्य एकदाच येत होतं, आणि मला प्रत्येक वाक्याच्या आधी एक रिकामी जागा ऐकू येत होती. लोक हसत होते. पहिल्या उमेदवाराच्या पगडीला टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, 'यार, हे तर प्रॉपर पिक्चर वाटतंय.'

शेवटचा प्रवेश आला. काका दारात उभे राहिले. पडद्यावरची ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. हॉल गप्प. लॉनमोअरसुद्धा लेकीने काढून टाकला होता. मी खुर्चीचे हात धरून बसले होते, आणि देवाशपथ सांगते, माझं डोकं कोरं झालं. ती आता काय म्हणणार, मला आठवेना. मी कान देऊन ऐकलं. सोफ्यामागून काही आलं नाही, येणार नव्हतं. तीच भीती, तोच घाम. पण या वेळी मला माहीत होतं, की मागे कोण बसलंय आणि त्याने पान का मिटलंय.

मी थांबले.

ती म्हणाली, 'उशीर केलात. चहा गार झाला.'

दिवे लागले. शेजारी बसलेल्या अध्यक्षीणबाईंनी डोळे पुसत माझा हात धरला आणि विचारलं, 'आता एकटीने सगळं निभेल ना हो?'

मी म्हटलं, 'येईल मला.' त्यांना काही कळलं नाही.